धरणापासून हंड्यापर्यंत



पाऊस लांबला की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर एक चौकट येते. धरणात अमुक टक्के साठा, गेल्या वर्षी याच दिवशी तमुक टक्के. ती चौकट वाचून आपण हुश्श करतो नाहीतर काळजी करतो. मी पाणीपुरवठा अभियंता म्हणून तेहतीस वर्षं नोकरी केली. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. ती चौकट मीही वाचतो. पण ती वाचून झाली, की मला आणखी दोन चौकटी हव्याशा वाटतात. गावाचं जलशुद्धीकरण केंद्र दिवसाला किती पाणी शुद्ध करू शकतं, ही एक. आणि गावातल्या टाक्यांमध्ये मिळून किती तासांचं पाणी मावतं, ही दुसरी. या दोन चौकटी कुठलंच वर्तमानपत्र छापत नाही. आज मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

माझं बालपण पुण्यात, एका जुन्या वाड्यात गेलं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुराच्या आठवणी खूप जणांनी सांगितल्या आहेत, त्या मी पुन्हा सांगत नाही. मला आठवतात ते पुरानंतरचे दिवस. पानशेतच्या लोंढ्याने खालचं खडकवासला धरणही फोडलं. शहराला पाणी पुरवणारा जलाशयच रिकामा झाला आणि नळ कोरडे पडले. ज्या शहरात परवा पाण्याने घरं वाहून गेली होती, त्याच शहरात प्यायला पाणी नव्हतं! आमच्या वाड्यातली विहीर नळ आल्यापासून कचऱ्याची धनीण झाली होती. मोठ्या माणसांनी ती उपसली, गाळ काढला, आणि कुणीतरी पोटॅशियम परमँगनेटची पुडी आणून तिच्यात टाकली. पाणी गुलाबी झालं. आम्हां मुलांना मोठी मौज वाटली. आजी मात्र ते गुलाबी पाणी उकळून, फडक्याने गाळून, मगच आम्हांला देई. धरण, विहीर, औषध, गाळणं आणि साठवणीचा हंडा. पाणीपुरवठ्याचं सगळं शास्त्र मी त्या आठवड्यात पाहिलं होतं, असं आता वाटतं. नाव ठाऊक नव्हतं एवढंच.

पुण्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं गेलं. दगडी बांधणीचा भुयारी नळ, वाटेत हवा खेळण्यासाठी उच्छ्वास, आणि शहरात ठिकठिकाणी हौद. पंप नव्हता, वीज नव्हती. पाणी उतारानेच आलं. मला त्या योजनेतलं कौतुक वाटतं ते हौदांचं. तलाव मोठा आहे म्हणून पाणी थेट घराघरांत सोडू, असं त्या माणसांनी म्हटलं नाही. लोकांना सकाळी एकदम पाणी लागतं आणि रात्री लागत नाही. म्हणून रात्रभर येणारं पाणी वस्तीच्या मध्यात साठवून ठेवलं पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. आज आपण ज्याला उंच टाकी म्हणतो, ती म्हणजे उंचावर चढवलेला हौदच.

पुढे इंग्रजी अमदानीत, १८७९ साली खडकवासल्याचं धरण पुरं झालं. स्वातंत्र्यानंतर पानशेत झालं, फुटलं, पुन्हा बांधलं गेलं. मग वरसगाव आणि टेमघर आलं. आज या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३२ कोटी लिटर. आता एक साधा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. माणशी रोज १५० लिटर धरले, तर वर्षाला सहा टीएमसी पाणी पुरे होतं. त्यानंतर शहर वाढलं, हद्द वाढली, आणि प्रत्यक्षात उचललं जाणारं पाणी याच्या कितीतरी पुढे गेलं. शिवाय याच धरणांवर हवेली, दौंड, इंदापूर भागातली शेतीही अवलंबून आहे. तो वाद मोठा आहे आणि रास्तही आहे. पण एवढं दिसतं की, या शहराच्या उशाला पाणी आहे. मग घशाला कोरड का? टँकर का? सोसायट्यांमध्ये मोटारी लावून नळातून पाणी ओढण्याची चढाओढ का?

याचं कारण असं की, धरण आणि हंडा यांच्या मध्ये दोन ठाणी आहेत. एक शुद्धीकरणाचं आणि दुसरं साठवणीचं. साखळीची ताकद तिच्या सगळ्यांत कच्च्या कडीएवढीच असते. धरणात शंभर घागरी असल्या, पण शुद्धीकरण केंद्रातून साठच जात असल्या, तर गावाला साठ घागरीच शुद्ध पाणी मिळणार. उरलेल्या चाळीसांचं काय होतं, हे मी थोड्या वेळाने सांगतो. ती गोष्ट मला सोपी जाणार नाही.

आधी शुद्धीकरण म्हणजे काय ते पाहू. धरणातून किंवा नदीतून आलेलं पाणी पहिल्यांदा उघड्या पायऱ्यांवरून खळाळत सोडतात. त्यात हवा मिसळते, वास जातो. मग त्यात तुरटी, नाहीतर तुरटीच्या जातीचं दुसरं रसायन घालून जोरात ढवळतात. नंतर तेच पाणी अगदी हळू ढवळतात. पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की ते आपले आपण खाली बसत नाहीत. तुरटीमुळे ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी वाळूच्या थरातून गाळतात. आणि शेवटी क्लोरीन देतात. क्लोरीन दिल्यावर निदान अर्धा तास पाणी टाकीत थांबलं पाहिजे, म्हणजे त्याला जंतू मारायला सवड मिळते.

आता पुष्कळांना वाटतं, नगरसेवकांनाही वाटतं, की क्लोरीन घातलं म्हणजे झालं. बाकीचा खटाटोप पाणी दिसायला स्वच्छ व्हावं म्हणून. हा फार महागात पडणारा गैरसमज आहे. गढूळ पाण्यात क्लोरीन घातलं तर त्यातलं बरंचसं मातीवर आणि काडीकचऱ्यावरच खर्ची पडतं. आणि मातीच्या कणाच्या आड दडलेल्या जंतूपर्यंत ते पोचतच नाही. गाळणं आणि क्लोरीन ही बैलजोडी आहे. एका बैलावर गाडी ओढता येत नाही.

याचा एक दाखला जगभरच्या पाठ्यपुस्तकांत असतो. जर्मनीत एल्ब नदीकाठी हॅम्बुर्ग आणि आल्टोना अशी दोन शहरं अगदी खेटून होती. दोन्ही शहरं एल्बचंच पाणी पीत. आल्टोना खालच्या अंगाला होतं, त्यामुळे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी त्याच्या वाट्याला येई. पण आल्टोना ते पाणी वाळूतून गाळून घेई. हॅम्बुर्गचं गाळण केंद्र मात्र बांधून पुरं व्हायचं होतं. १८९२ साली पटकीची साथ आली. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसं गेली. आल्टोनात त्या मानाने फारच थोडी. म्हणजे अधिक घाणेरडं पाणी घेणारं गाव वाचलं, कारण ते गाळत होतं. हॅम्बुर्गचं केंद्र पुढच्या वर्षी, १८९३ मध्ये सुरू झालं. एका वर्षाचा उशीर!

हे लांबचं आणि जुनं उदाहरण झालं. जवळचं आणि ताजं घ्यायचं तर २०२५ चा जानेवारी महिना आठवा. पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली शक्ती जाते, काहींना श्वास घेणंही कठीण होतं, असा हा आजार. पुणे आणि परिसरात मिळून संशयित धरून दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली, काही दगावले. अनेकांना आधी जुलाब झाले होते, आणि काहींच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू मिळाला. त्या वेळी सगळ्यांना कळलं, की यांतल्या काही वस्त्यांना विहिरीचं पाणी गाळण न होता, नुसतं क्लोरीन घालून दिलं जात होतं. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ साली आणखी एकवीस गावांबरोबर महापालिकेत आली होती. त्याआधी २०१७ मध्ये अकरा गावं आली होती. कागदावर ती एका दिवसात शहर झाली. जलवाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र मात्र एका दिवसात येत नाही. खडकवासल्याचं धरण तिथून हाकेच्या अंतरावर. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपण कोरड्या विनोदाने वापरतो. तिथे ती कोरडीवर थांबली नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्याने काही साधणार नाही. माझी नोकरी ज्या नगरपालिकेत झाली ते तालुक्याचं गाव वाढत वाढत शहर झालेलं. १९८०च्या दशकात तिथे नवी पाणी योजना झाली. मी तेव्हा दुय्यम अभियंता होतो. आमच्या वरिष्ठ साहेबांनी नियमावलीबरहुकूम काम केलं होतं. आपल्याकडे असा संकेत आहे की धरण पन्नास वर्षांचा विचार करून बांधावं, मोठ्या जलवाहिन्या तीस वर्षांच्या, आणि शुद्धीकरण केंद्र व पंप पंधरा वर्षांच्या गरजेचे. धरण पुन्हा पुन्हा बांधता येत नाही, नळ पुन्हा पुन्हा उकरता येत नाहीत, पण शुद्धीकरण केंद्र टप्प्याटप्प्याने वाढवता येतं. मात्र त्याला एक अट आहे. दुसऱ्या टप्प्यासाठी शेजारीच जागा राखून ठेवली पाहिजे. साहेबांनी तशी जागा राखली होती. तिला तारेचं कुंपण घातलं होतं. आम्ही तिथे कडुनिंबाची झाडं लावली होती.

दहाएक वर्षं गेली. साहेब निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवर मी आलो. गावात त्या जागेला सोन्याचा भाव आला होता. तिथे व्यापारी संकुल बांधावं, नगरपालिकेला उत्पन्न मिळेल, असा ठराव आला. पाणी विभागाचा अभिप्राय मागवला गेला. मी फाईलवर एक ओळ लिहिली, ‘सदर जागेची या विभागास सध्या आवश्यकता नाही.’ ओळ खोटी नव्हती. त्या दिवशी केंद्राची क्षमता पुरत होती. मी ‘सध्या’ हा शब्द घालून स्वतःला सोडवून घेतलं होतं. पण पाच वर्षांनी पुरणार नाही, हे मला माहीत होतं. माझ्या टेबलाच्या खणात तसा तक्ताच होता. मी तो बाहेर काढला नाही. माझी बदली होऊ घातली होती, मुलीचं दहावीचं वर्ष होतं. माणूस अशी कारणं आयुष्यभर सांगत राहतो.

संकुल झालं. गाव वाढत राहिलं. जकात नाक्यापलीकडे नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पाणी मागायला बायका हंडे घेऊन नगरपालिकेवर यायच्या. नदीत पाणी होतं, उपसा केंद्रात जादा पंप होता, पण शुद्धीकरण केंद्र गळ्यापर्यंत भरलं होतं. मग तेच झालं जे अशा ठिकाणी होतं. उरलेल्या चाळीस घागरींचं काय होतं, असं मघाशी विचारलं होतं ना? केंद्राला वळसा घालणारी एक नळी काढली गेली. त्यातून कच्चं पाणी, टीसीएल पावडर घालून, थेट नव्या वसाहतींना सुटू लागलं. तात्पुरती सोय म्हणून. तिच्या आदेशावरही माझी सही आहे.

उन्हाळाभर काही झालं नाही. पहिल्या पावसाचा गढूळ लोंढा नदीला आला, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या वसाहतींमध्ये कावीळ सुरू झाली. बहुतेक लोक बरे झाले. एक गरोदर बाई वाचली नाही. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार गरोदर स्त्रियांना फार घातक असतो, हे मला त्यानंतर डॉक्टरांकडून कळलं. तिच्या घरी मी गेलो होतो. तिचे सासरे शिक्षक होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, आणि म्हणाले, ‘‘साहेब, उकळलेलं आहे.’’ त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मी घोटभर पाणी प्यायलो आणि बाहेर आलो. मला आजवर कुणीही त्या मृत्यूबद्दल जाब विचारलेला नाही. चौकशीत नदीचं दूषित पाणी हे कारण लिहिलं गेलं आणि ते खरंच होतं. व्यापारी संकुलाचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

हे मी रेडिओवर सांगतो आहे ते मन हलकं करण्यासाठी नाही. नियोजन म्हटलं की लोकांना जाडजूड अहवाल आणि मोठमोठे आकडे डोळ्यांसमोर येतात. माझ्या अनुभवात नियोजन म्हणजे तारेचं कुंपण घातलेला, आज रिकामा दिसणारा जमिनीचा तुकडा. तो राखला तर पुढच्या पिढीला शुद्ध पाणी. तो गेला, की पैसे असूनही काही करता येत नाही.

आकडे फार अवघड नसतात. समजा, एखाद्या शहराची वस्ती आज तीन लाख आहे. माणशी १३५ लिटर या प्रमाणाने रोज सुमारे चार कोटी लिटर पाणी लागेल. पंधरा वर्षांनी वस्ती साडेचार लाख होईल असं धरलं, तर सहा कोटी लिटर. त्यात वाटेतली गळती आणि केंद्रातले फिल्टर धुवायला लागणारं पाणी मिळवलं, की केंद्राची क्षमता साडेसात कोटी लिटर हवी. आज सभेत हा आकडा ठेवला की कुणीतरी म्हणतं, ‘‘अहो, गरज चाराची आणि तुम्ही साडेसात मागता?’’ उत्तर असं की, आज निम्म्याहून थोडं अधिक बांधा, पण जागा, मुख्य नळ आणि विजेची व्यवस्था पुऱ्या साडेसातची ठेवा. आणि दर पाच वर्षांनी अंदाज ताडून पाहा. कारण गावं तक्त्याप्रमाणे वाढत नाहीत. एक कारखाना येतो, एक महाविद्यालय येतं, हद्दवाढ होते आणि आलेख उडी मारतो. त्यात २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे त्यानंतरही आराखडे २०११ च्या आकड्यांवर बेतावे लागले. तरी घरपट्टीच्या नोंदी आहेत, वीजजोडण्या आहेत, बांधकाम परवाने आहेत. ज्याला मोजायचं आहे त्याला गाव मोजता येतं.

आता दुसरं ठाणं, टाकीचं. टाकी कशाला, हेही एका हिशेबाने पाहू. वीस हजार वस्तीचा एक विभाग घ्या. रोजची गरज २७ लाख लिटर. पंप चोवीस तास सारखा चालला तर ताशी सव्वा लाखाच्या आत पाणी येत राहील. पण सकाळी सहा ते नऊ आंघोळी, धुणी, स्वयंपाक सगळं एकदम. त्या वेळी मागणी सरासरीच्या अडीचपट धरली, तर तीन तासांत सुमारे साडेआठ लाख लिटर लागतात, आणि पंप देतो जेमतेम साडेतीन लाख. पाच लाखांची तूट. ती तूट रात्री भरून ठेवलेल्या टाकीने भागवायची. शिवाय वीज जाते, पंप बिघडतो, नळ फुटतो. त्यासाठी आणखी काही तासांचा साठा. म्हणून दिवसाच्या गरजेच्या एक तृतीयांश, म्हणजे या विभागाला नऊ लाख लिटरची टाकी असावी, असा ठोकताळा आम्ही धरत असू.

टाकी पुरेशी नसली की काय होतं? चावीवाला फिरतो. आज या गल्लीला एक तास, उद्या त्या गल्लीला एक तास. तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं, पाणी मिळालं ना? बिघडतं ते नळाच्या पोटात. पाणी बंद असताना नळ रिकामा होतो. त्यात पोकळी तयार होते, आणि जिथे जिथे सांधा ढिला आहे तिथून ती पोकळी बाहेरचं पाणी आत शोषून घेते. शेजारून गटार वाहत असेल तर गटाराचं. केंद्रातून निघालेलं निर्मळ पाणी वाटेत असं बाटतं. भरलेल्या नळाला गळती असली तर पाणी बाहेर जातं, ते नुकसानच. पण रिकाम्या नळात घाण आत येते, तो रोग. आणि एक तास पाणी येणार म्हटलं की घरातलं पिंप, बादल्या, घंगाळं सगळं भरून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतायचं. धरणातून आलेलं, शुद्ध केलेलं, वर चढवलेलं पाणी शिळं कसं होतं हो? पण आपल्या बायाबापड्यांचा दोष नाही. उद्याचा भरवसा नसला की माणूस साठवतो.

हे बदलता येतं का? येतं. कराडजवळच्या मलकापूर या छोट्या गावाने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू करून दाखवलं. प्रत्येक जोडणीला मीटर, वापर वाढेल तसा चढता दर. पाणी केव्हाही मिळतं म्हटल्यावर लोकांनी साठवणं आणि ओतणं सोडून दिलं. पुण्याने समान पाणीपुरवठ्याची योजना हाती घेतली, तीत ८२ टाक्या आणि शहराचे १४१ विभाग ठरवले. एवढ्या मोठ्या आणि जुन्या शहरात रस्ते उकरून हे करणं किती जिकिरीचं असतं, हे मी जाणतो. तिथे टाकीसाठी जागा मिळवायला अधिकाऱ्यांना किती चपला झिजवाव्या लागतात, तेही जाणतो. ज्या शहरांनी अजून अंग धरलेलं नाही, त्यांना हे काम आज स्वस्तात करता येईल. दहा वर्षांनी येणार नाही.

शेवटी, तुम्ही आम्ही काय करायचं? तुमच्या गावाच्या नगरपालिकेला चार प्रश्न विचारा. शुद्धीकरण केंद्राची क्षमता किती, आणि गावात रोज किती पाणी सुटतं? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर मधली नळी कुठे आहे ते शोधा. दुसरा प्रश्न, आमच्या भागाच्या टाकीत किती तासांचं पाणी मावतं, आणि ती शेवटची केव्हा धुतली? तिसरा, आमच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला क्लोरीन पोचतं का? यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ओ.टी. टेस्टची बाटली लागते. पाण्यात थेंब टाकले आणि पिवळसर रंग आला, की क्लोरीन आहे. आणि चौथा प्रश्न, केंद्राच्या वाढीसाठी आणि नव्या टाक्यांसाठी विकास आराखड्यात जागा कुठे राखल्या आहेत? त्या जागा जाऊन डोळ्यांनी पाहून या. तिथे अजून गवत असेल तर आनंद माना. पाया खणलेला दिसला, तर त्याच दिवशी अर्ज द्या.

आणि माझ्या खुर्चीवर आज बसलेल्या तरुण अभियंत्यांना एवढंच सांगेन. अभिप्राय मागितला की खणातला तक्ता बाहेर काढा, फाईलला जोडा आणि मगच सही करा. ठराव कदाचित तरीही होईल. पण तो तक्ता पाहून होईल. माझ्या वेळी तो खणातच राहिला.

पाऊस चांगला होवो, धरणं भरोत. पण धरण भरल्याची बातमी वाचाल तेव्हा त्या उरलेल्या दोन चौकटींचीही आठवण ठेवा.